पुरे म्हणणारे रेणू : इसब, मायक्रोआरएनए आणि आपली मुलं

(जॉन्सनव्हिल, वेलिंग्टन इथल्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



"आमच्या दोन्ही घरांत कुणालाच नव्हतं हो, मग हिलाच कुठून आलं?" हा प्रश्न या सभागृहातल्या अनेकांनी ऐकला असेल, काहींनी स्वतः विचारलाही असेल. बहुतेक वेळा तो व्हिडिओ कॉलवर नाशिकहून किंवा सांगलीहून, आजीच्या तोंडून येतो. कोपराच्या घडीत आणि गुडघ्यामागे चट्टे, रात्रभर खाजवून चादरीवर पडलेले रक्ताचे बारीक ठिपके, अर्धवट झोपेत शाळेत गेलेलं पोर. मागोमाग दुसरा प्रश्न येतो, जरा आवाज उतरवून, सुनेला उद्देशून: "दिवस असताना काय खाल्लं होतंस?"

मला आज या दोन्ही प्रश्नांवर बोलायचं आहे. पहिला शास्त्राचा आहे आणि त्याचं उत्तर गेल्या तीसेक वर्षांत बरंच पुढे गेलं आहे. दुसरा विचारणंच बंद व्हावं असं मला मनापासून वाटतं. पहिल्याचं उत्तर नीट समजून घेतलं, तर दुसऱ्याला पाय उरत नाहीत.

इसबाचे प्रकार पुष्कळ आहेत. मी आज बोलणार आहे तो मुलांमधला, दमा आणि शिंकांच्या ॲलर्जीशी नातं असलेला प्रकार, ॲटोपिक डर्मटायटिस. हे नाव १९३३ साली अमेरिकेतल्या वाइज आणि सल्झबर्गर या त्वचारोगतज्ज्ञांनी दिलं. न्यूझीलंडमध्ये हा आजार भरपूर आहे, आणि तो जगभर एकाच मापाने मोजण्याचा बेतही बऱ्याच अंशी इथेच शिजला. १९९१ मध्ये ऑकलंड आणि जर्मनीतलं बोखुम इथल्या संशोधकांनी हात मिळवले आणि 'आयझॅक' या नावाने ओळखला जाणारा अभ्यास उभा राहिला. ऑकलंड विद्यापीठातल्या बालरोगतज्ज्ञ इनेस आशर यांनी तो पुढे अनेक वर्षं चालवला. पद्धत अगदी साधी होती: सगळीकडे एकच प्रश्नावली आणि त्याच दोन वयोगटांतली शाळकरी मुलं. पहिल्याच फेरीत ५६ देश आले. केंद्रांच्या यादीत वेलिंग्टन आहे, आणि मुंबई, पुणे, अकोलाही आहे. अकोल्यातल्या आणि वेलिंग्टनमधल्या शाळांत इसबाबद्दलचे तेच ते प्रश्न पोचले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

उत्तरं मात्र सारखी आली नाहीत. न्यूझीलंडमधल्या सहा-सात वर्षांच्या मुलांत इसबाची चालू लक्षणं पहिल्या फेरीत १४.७ टक्के आणि तिसऱ्या फेरीत १५ टक्के मुलांना होती. माओरी आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्या कुटुंबांत प्रमाण याहून जास्त. भारतातल्या केंद्रांचे आकडे याच्या कितीतरी खाली राहिले. आता कुणी म्हणेल, वंशच वेगळे, तर आकडे वेगळे असणारच. त्यासाठी जमैकाचं उदाहरण पाहा. किंग्स्टनमध्ये राहणाऱ्या कृष्णवर्णीय शाळकरी मुलांना तपासलं तेव्हा इसब ५.६ टक्के मुलांना निघालं. कॅरिबियन वंशाच्याच, पण लंडनमध्ये वाढणाऱ्या मुलांत ते १४.९ टक्के होतं. एका पिढीत जनुकं बदलत नाहीत. बदललं ते गाव: हवा, पाणी, घर, खाणं, अंगावरचे आणि आतड्यातले जंतू.

जनुकांचा वाटा मोठा आहे, हे आधी मान्य करू. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथे अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने दाखवलं की फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असला, तर इसबाचा धोका खूप वाढतो. फिलॅग्रिन त्वचेचा सर्वांत वरचा थर घट्ट आणि ओलसर ठेवतं. पण हा बिघाड असूनही कितीतरी जणांना इसब होत नाही, आणि इसब असलेल्या बहुतांश मुलांत हा बिघाड सापडत नाही. म्हणजे कुठली जनुकं वारशाने आली एवढ्यावर भागत नाही. कुठल्या पेशीत, कुठल्या दिवशी, त्यातली कुठली किती वाचली जातात यावर बरंच काही ठरतं. मायक्रोआरएनए हे त्या वाचनावर नियंत्रण ठेवणाऱ्यांपैकी आहेत.

त्यांचा शोध त्वचेत लागला नाही. एक मिलिमीटर लांबीच्या, मातीत राहणाऱ्या जंतात लागला. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्कुन हे दोघे त्या जंताची वाढ टप्प्याटप्प्याने कशी होते हे पाहत होते. १९९३ साली दोघांचे निबंध एकाच अंकात आले. लिन-४ नावाचं एक जनुक प्रथिन बनवतच नव्हतं. त्यातून निघत होता आरएनएचा एक चिमुकला तुकडा, आणि तो दुसऱ्या जनुकाला आवर घालत होता. ही जंताचीच काहीतरी खोड असावी असं समजून बहुतेकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. २००० साली रुव्कुन यांच्या गटाला तशाच दुसऱ्या तुकड्याचं भावंड माशीपासून माणसापर्यंत सापडलं तेव्हा सगळे जागे झाले. ७ ऑक्टोबर २०२४ रोजी या दोघांना वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं.

काम कसं चालतं ते सांगतो. पंगतीत वाढपी पुढेपुढे सरकत असतो, आणि पानावर हात आडवा धरून कुणी "पुरे" म्हटलं की तिथे हात आखडता घेतो. पेशीतही वाढप सतत चालू असतं. जनुकाची एक नक्कल निघते, तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात, आणि ती नक्कल वाचून प्रथिन बनतं. मायक्रोआरएनए म्हणजे नकलेवर आडवा पडलेला हात. लांबी जेमतेम २२ अक्षरं. केंद्रकात ड्रोशा नावाचं विकर मोठ्या धाग्यातून एक वळसा कापून काढतं, केंद्रकाबाहेर डायसर तो आणखी छाटतं, आणि उरलेला तुकडा आर्गोनॉट या प्रथिनाच्या खाचेत बसतो. त्याच्या सुरुवातीची सहा-सात अक्षरं ज्या नकलेशी जुळतात तिच्यावर तो जाऊन चिकटतो. मग त्या नकलेवरून प्रथिन कमी बनतं आणि नक्कलही लवकर मोडते. हा हात जड नसतो. एखादं प्रथिन तो बहुधा निम्म्यावरही आणत नाही. पण एकच मायक्रोआरएनए शेकडो नकलांवर बसू शकतो, आणि माणसाच्या निम्म्याहून अधिक जनुकांवर असा कुणाचा ना कुणाचा हात आहे.

आता इसबाच्या चट्ट्यात काय दिसतं ते पाहू. स्टॉकहोममधल्या कॅरोलिन्स्का संस्थेत एनिको शोंकोय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की इसबाच्या त्वचेत मायक्रोआरएनए-१५५ फार वाढलेला असतो, विशेषतः तिथे जमलेल्या, प्रतिकारशक्तीच्या टी पेशींमध्ये. त्याचं एक लक्ष्य आहे सीटीएलए-४ हे प्रथिन. टी पेशी खवळल्यावर तिला शांत करणं हे या प्रथिनाचं काम. म्हणजे १५५ हा "पुरे" म्हणणाऱ्यालाच गप्प करतो, आणि पेशी वाढत राहतात. आवर घालणारा रेणू जास्त झाला म्हणून आग वाढली, ही गोष्ट मला पहिल्यांदा वाचली तेव्हा उलटी वाटली होती. पण आवर कुणाला घातला जातोय, यावर सगळं अवलंबून आहे.

त्याच्या समोर उभा आहे मायक्रोआरएनए-१४६ए. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठाच्या आना रेबाने यांच्या गटाचं २०१४ चं काम त्यावर आहे, आणि या सगळ्या विषयात मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं. इसबाच्या त्वचेत १४६ए देखील वाढलेला सापडतो. पण तो दाह भडकवत नाही, विझवायला धावतो. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींना धोक्याची सूचना मिळाली की आत एनएफ-कप्पा-बी नावाची कळ दाबली जाते आणि दाहाची प्रथिनं बनू लागतात. हीच कळ १४६ए लाही जन्म देते, आणि मग १४६ए त्या कळीपर्यंत सूचना पोचवणाऱ्या प्रथिनांवर जाऊन बसतो. ज्या उंदरांत हा मायक्रोआरएनए नव्हता त्यांच्या कानावर ॲलर्जीसारखा दाह निर्माण केला, तेव्हा तो साध्या उंदरांपेक्षा जास्त भडकला. म्हणजे मुलाच्या कोपरावरचा लाल चट्टा पाहताना आपल्याला फक्त हल्ला दिसतो, पण त्याच चट्ट्यात शरीराची आवरण्याची धडपडही चालू असते. ती अपुरी पडते, एवढंच. हे पालकांना कुणीतरी सांगायला हवं.

तिसरा, २०३, मुख्यतः त्वचेतच आढळतो. खालच्या थरातल्या पेशीने विभागणी थांबवून वर सरकत पक्व व्हायचं, हे ठरवण्यात त्याचा हात असतो. एलेन फुक्स यांच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये ते उंदरांत दाखवलं. पुढे चीनमधल्या एका अभ्यासात इसब असलेल्या मुलांच्या रक्तद्रवात तो वाढलेला आणि लघवीत घटलेला आढळला. लघवीच्या चाचणीतून इसबाची तीव्रता कळावी, सुई टोचायला नको, ही आशा त्यातून निघाली. आशा रास्त आहे, पण आज एकाही देशात इसबाच्या निदानासाठी ही चाचणी नेहमीच्या वापरात नाही. कुणी पैसे घेऊन तुमच्या मुलाचं 'मायक्रोआरएनए प्रोफाइल' काढून देतो म्हणाला, तर पैसे मलमावर खर्च करा.

आता तो दुसरा, दबक्या आवाजातला प्रश्न. गर्भाशयातच काही ठरतं का? जर्मनीत लाइपत्सिश इथे माता आणि बाळांचा एक दीर्घ अभ्यास चालू आहे. २०१४ मध्ये त्यात असं दिसलं की ज्या गर्भवतींचा तंबाखूच्या धुराशी संबंध आला होता, त्यांच्या आणि बाळाच्या नाळेच्या रक्तात मायक्रोआरएनए-२२३ जास्त होता, आणि जिथे तो जास्त तिथे प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या टी पेशी कमी होत्या. जन्मतः या पेशी कमी असलेल्या बाळांत पुढे इसब अधिक आढळतं, हे त्याच अभ्यासात आधी दिसलं होतं. हे संबंध आहेत. कारण-परिणामाची साखळी पूर्ण सिद्ध झालेली नाही. पण यातून आईला दोषी ठरवणाऱ्यांना मी एवढंच विचारेन, की घरात धूर कोण करत होतं? आपल्या घरांत त्याचं उत्तर क्वचितच 'ती' असतं. बाकी आंबट खाल्लं, वांगं खाल्लं, ग्रहणात बाहेर गेली, यांपैकी कशाचाही इसबाशी संबंध असल्याचा पुरावा नाही. "जन्मापासून रोज क्रीम चोपडलं असतं तर झालं नसतं" असं म्हणणाऱ्यांसाठी ब्रिटनमधला २०२० सालचा मोठा अभ्यास आहे: १,३९४ नवजात बाळं, निम्म्यांना वर्षभर रोज क्रीम, आणि दोन वर्षांनी इसबाच्या प्रमाणात फरक नाही. तेव्हा तोही बोल त्या आईला लावू नका.

वातावरण बदलून इसब टळतं का, याचा एक उत्तम प्रयोग आपल्याच शहरात झाला. वेलिंग्टनमधल्या क्रिस्टिन विकन्स, ज्युलियन क्रेन आणि सहकाऱ्यांनी वेलिंग्टन आणि ऑकलंडमधली ४७४ बाळं घेतली. आईला ३५व्या आठवड्यापासून आणि बाळाला दोन वर्षांपर्यंत रोज एक उपयुक्त जिवाणू दिला. लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस एचएन००१ हा वाण मिळालेल्या गटात दोन वर्षांच्या वयात इसब जवळजवळ निम्म्यावर आलं, आणि अकरा वर्षांपर्यंत काही फायदा टिकला. दुसऱ्या एका जिवाणूने मात्र काहीच केलं नाही. पुढच्या प्रयोगात तोच एचएन००१ फक्त आईला दिला, तेव्हा बाळाच्या इसबात फरक पडला नाही. त्यामुळे औषधाच्या दुकानातली 'प्रोबायोटिक' लिहिलेली कुठलीही बाटली घेऊन येऊ नका. वाण कुठला, कुणाला, केव्हा, यावर सारं ठरतं. यामागे मायक्रोआरएनए आहेत असं सिद्ध झालेलं नाही, पण एक गोष्ट या प्रयोगाने पक्की केली: जनुकं तीच ठेवून निकाल बदलता येतो.

आपल्याच शहरातलं आणखी एक काम पाहा. इथून गाडीत बसलं, की रारोआ, मग खंडाळा, तेही आपल्याच खंडाळ्यावरून पडलेलं नाव, आणि वीसेक मिनिटांत वेलिंग्टन स्टेशन. तिथून लॅम्टन कीला जाऊन केबल कार पकडली की केलबर्नच्या टेकडीवर मॅलाघन संस्था. टिप टॉप आइस्क्रीमच्या संस्थापकांपैकी लेन मॅलाघन यांचं नाव तिला आहे. तिथे दीर्घकाळ संचालक राहिलेले ग्रॅहम ले ग्रॉस यांनी १९९० मध्ये, अमेरिकेत असताना, दाखवलं की इंटरल्यूकिन-४ हे निरोप्या प्रथिन बनवणाऱ्या टी पेशी तयार व्हायलाही इंटरल्यूकिन-४ च लागतं. ॲलर्जी स्वतःला कशी पोसते, हे त्यातून कळलं. त्याच संस्थेतल्या फ्रँका रोंकेझे यांच्या गटाने २०२१ मध्ये आणखी एक नवल उजेडात आणलं. पूर्ण निरोगी उंदरांच्या त्वचेतही इंटरल्यूकिन-१३ सतत थोडं थोडं बनत असतं, आणि त्वचेतल्या पहारेकरी पेशी त्याच्याच हाताखाली घडतात. इंटरल्यूकिन-४ आणि १३ हीच इसबातली मुख्य जोडी. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं डुपिलुमॅब हे इंजेक्शन याच दोघांचा निरोप अडवतं. म्हणजे ॲलर्जीची ही वाट निरोगी त्वचेतही आधीपासून उघडी असते. इसब झालेल्या मुलात परकं काही शिरलेलं नसतं. त्याच्यात नेहमीचंच काम प्रमाणाबाहेर गेलेलं असतं.

मग मायक्रोआरएनएचं औषध का नाही? प्रयत्न झाले आहेत. १५५ ला अडवणारं कोबोमार्सेन नावाचं औषध त्वचेच्या एका कर्करोगासाठी माणसांवर तपासलं गेलं आणि पुढे थांबवलं गेलं. मायक्रोआरएनए-३४ए ची प्रतिकृती असलेलं एक औषध २०१६ मध्ये रुग्णांत प्रतिकारशक्तीच्या गंभीर प्रतिक्रिया उमटल्यामुळे मधेच बंद करावं लागलं. एक रेणू शेकडो नकलांना हात लावतो, ही त्याची ताकद आहे आणि औषध म्हणून तीच अडचण. त्वचेवर मात्र औषध बाहेरून, हव्या त्या जागीच लावता येतं, म्हणून इसबाबाबत मी आशावादी आहे. तूर्त मान्यता मिळालेलं असं एकही औषध नाही.

पण हाताशी काहीच नाही असं समजू नका. स्टेरॉइडचं मलम पेशीत शिरून नेमकं जनुकांच्या वाचनावरच काम करतं, दाहाच्या प्रथिनांचं वाढप कमी करतं. आपल्या मंडळींना त्याची भलतीच भीती असते, आणि त्या भीतीपायी मूल महिनोन्‌महिने खाजवत राहतं. माप लक्षात ठेवा: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेलं मलम, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या ताकदीचं, सांगितले तितके दिवस, या मापाने लावा. चिमटीभर लावून "गुण येत नाही" म्हणू नका. साधं ओलावा देणारं क्रीम मात्र हात सैल सोडून: इसब अंगभर असेल तर मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅमही लागतं. अंघोळ कोमट आणि थोडक्यात. इथल्या हिवाळ्यात कढत शॉवरखाली पंधरा मिनिटं उभं राहण्याचा मोह मुलांना होतो, तो मोडा. खोबरेल तेलाच्या बाजूने फिलिपाइन्समधल्या चाचण्या आहेत, ते लावायला हरकत नाही. ऑलिव्ह तेल त्वचेचा वरचा थर कमकुवत करतं, ते नको. फुटलेल्या त्वचेवर डाळीचं पीठ तर नकोच. आणि भारतातून बॅगेत येणाऱ्या, गजकर्णापासून मुरमांपर्यंत सगळ्यावर चालणाऱ्या ट्यूब? त्यांत बहुधा फार कडक स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक एकत्र असतं. मुलांच्या चेहऱ्यावर त्या लावू नका.

डॉक्टरांना एक गोष्ट आपणहून सांगा. इसबाची तीव्रता ठरवताना लाली पाहतात. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. चट्टा करडा, जांभळट किंवा नुसताच गडद दिसतो, आणि आजार आहे त्याहून सौम्य समजला जातो. रात्री किती वेळा उठतो, किती खाजवतो, हे लिहून न्या.

हाच मुद्दा प्रयोगशाळेलाही लागू आहे. इसबातल्या मायक्रोआरएनएचे मी सांगितलेले अभ्यास युरोप आणि चीनमधले आहेत. फिलॅग्रिनचे बिघाडही वंशागणिक वेगळे असतात. वेलिंग्टनच्या वाऱ्यात आणि हीट पंपच्या कोरड्या हवेत वाढणाऱ्या मराठी मुलाच्या त्वचेत १५५ आणि १४६ए यांचा तोल कसा राहतो, हे त्या मुलाच्या त्वचेवरूनच कळेल. पूर्वी यासाठी कातडीचा तुकडा काढावा लागे. आता चिकटपट्टीचे गोल तुकडे त्वचेवर दाबून, एकावर एक सोलून काढले, तरी वरच्या थरातला आरएनए अभ्यासाला मिळतो. रक्त नाही, टाका नाही. असा अभ्यास तुमच्या दाराशी आला तर घाईने नाही म्हणू नका, आणि घाईने होही म्हणू नका. आपल्या माहितीवर आपला हक्क असतो, हे या देशात माओरी संशोधकांनी ठामपणे मांडलं आहे. ते आपणही शिकावं. नमुना कुठे ठेवणार, किती वर्षं ठेवणार, देशाबाहेर जाणार का, आणि माझ्या मुलाबद्दल काही कळलं तर मला सांगणार का, हे चार प्रश्न विचारा. उत्तरं लेखी घ्या, घरी आणून वाचा, आणि मग सही करा.